झाडावरची झाडे : वांदा, बांडगूळ आणि वायुवनस्पती

लोहारा तालुक्यातील बांधावरची जुनी रायवळ आंब्याची झाडे पाहिली असता त्यांच्या फांद्यांवर दुसऱ्याच एखाद्या वनस्पतीचा झुबका वाढलेला पुष्कळदा दिसून येतो. मालकास विचारल्यास “बांडगूळ आहे” असे उत्तर मिळते व ते बहुतेक वेळा खरेही असते. तथापि झाडावर वाढणारी प्रत्येक वनस्पती बांडगूळ नव्हे. काही वनस्पती झाडाचा रस शोषून त्यास मारतात, तर काही त्याच्या सालीवर केवळ बसण्यापुरती जागा घेतात. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. एकीकडे खरे बांडगूळ वरवर तोडून तसेच राहू दिले जाते, व दुसरीकडे शंभर वर्षांच्या झाडावर पिढ्यान्‌पिढ्या फुलत आलेली निरुपद्रवी आमरी साफसफाईच्या नावाखाली खरवडून फेकली जाते. गेल्या काही वर्षांत शहरांतील रोपवाटिकांतून ‘एअर प्लँट’ या नावाने परदेशी वायुवनस्पती विकल्या जाऊ लागल्या आहेत. त्यांचा संग्रह करण्याची हौस आता तालुक्याच्या गावापर्यंतही पोहोचली आहे. म्हणून या तिन्ही प्रकारांचा विचार एकत्र करणे सोयीचे होईल.

एकाच नावाचा घोटाळा

हा गोंधळ आजचा नाही. संस्कृतात ‘वन्दा’ हा शब्द झाडावर उगवणाऱ्या वनस्पतींना सरसकट लावला गेला. बांडगूळही वन्दा आणि आमरीही वन्दाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी बंगालमध्ये आमरीच्या एका जातीचे वर्णन करताना हेच नाव वापरले. त्याच सुमारास विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात (१७९५) तिला ‘एपिडेंड्रम टेसेलॅटम’ असे नाव दिले. एपिडेंड्रम म्हणजे झाडावरचे. पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी ‘व्हँडा’ ही प्रजाती स्थापन केली व ती या आपल्याच देशी आमरीच्या आधारावर केली. आज जगभर लाखो रुपयांची उलाढाल होणाऱ्या व्हँडा फुलांचे कुलनाम असे आपल्या भाषेतून गेलेले आहे. मूळ वांद्याला मात्र आपण बांडगूळ समजून कोयता लावतो, ही थोडी विचित्र गोष्ट म्हटली पाहिजे.

या वनस्पतीचे आजचे शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. मराठीत तिला रास्ना असेही म्हणतात. ती दख्खनच्या कोरड्या पानझडी रानांत आंबा, मोह, बाभूळ अशा खरबरीत सालीच्या झाडांवर वाढते. पाने जाड, चिवट, मध्ये दुमडलेली व टोकाशी दातेरी असून ती खोडाच्या दोन बाजूंस ओळीने लागतात. उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या पूर्वार्धापर्यंत तिला फुलांचे तुरे येतात. पाकळ्या पिवळसर असून त्यांवर तपकिरी रेषांची चौकटीदार जाळी असते, व खालची ओठासारखी पाकळी जांभळट निळी असते. फुलांस मंद सुवास असतो.

बांडगूळ, वांदा व अमरवेल कशी ओळखावी

ओळखण्याची पहिली खूण मुळांत आहे. वांद्याची मुळे बोटाएवढी नसली तरी दोरीएवढी जाड, रुपेरी पांढरी असतात. ती सालीवरून सरपटत जातात अथवा हवेत लोंबतात. त्यांवर पाणी शिंपडले असता ती क्षणार्धात हिरवी दिसू लागतात. मूळ हलक्या हाताने सालीवरून सोडविले तर खाली साल अखंड आढळते, जखम मुळीच दिसत नाही. बांडगुळाला अशी हवेतील लोंबती मुळे नसतात. ज्या ठिकाणी ते फांदीस चिकटते तेथे गाठ येते. ती गाठ चाकूने उभी चिरली असता बांडगुळाचे शोषकमूळ फांदीच्या लाकडात पाचरीसारखे घुसलेले दिसते. त्या गाठीपलीकडील फांदी बारीक होत जाते, पाने खुरटतात आणि शेवटी शेंडा वाळतो.

बांडगुळाची पाने हिरवी असतात, अर्थात स्वतःचे अन्न ते स्वतः तयार करू शकते. त्यास हवे असते ते झाडाने जमिनीतून ओढलेले पाणी व क्षार. आणि येथेच लोहाऱ्यासारख्या अवर्षणप्रवण भागाच्या दृष्टीने खरा धोका आहे. झाड पाण्याच्या टंचाईत आपली पर्णरंध्रे मिटून घेते व काटकसर करते. बांडगूळ तशी काटकसर करीत नाही. पानांवाटे पाणी उडवीत राहूनच ते झाडातून पाणी ओढून घेत असते. म्हणून पाऊसमान चांगले असलेल्या वर्षी दोन-चार झुबके आंब्यास जाणवत नाहीत, पण सलग दोन वर्षे पाऊस कमी पडला की तेच झुबके फांदीच्या फांदी वाळवितात. मराठवाडा केसर आंब्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या भागात केसरची लागवड करणाऱ्यांचा उत्साह वाढला आहे. अशा नव्या बागेशेजारी बांडगुळाने भरलेले जुने झाड उभे असेल तर ते बी पुरविणारे कोठारच समजावे.

बी पसरविण्याचे काम फुलटोचा हा चिमणीहून लहान पक्षी करतो. बांडगुळाच्या फळातील गर अतिशय चिकट असतो. पक्षी फळ गिळतो, थोड्याच वेळात बी बाहेर टाकतो व शेपटीखाली चिकटलेले बी फांदीवर पुसून काढतो. बी तेथेच रुजते. पक्ष्यावर राग धरून उपयोग नाही. फळ पिकण्यापूर्वी झुबका उतरविणे हाच उपाय आहे.

झुबका हाताने ओढून मोडणे मात्र व्यर्थ होय. शोषकमुळाचा भाग फांदीत शिल्लक राहतो व त्यातून पुन्हा अंकुर फुटतात, तेही एकाऐवजी चार. यास्तव हिवाळ्यात बांडगुळाची नळीसारखी फुले दिसू लागताच, गाठीच्या खाली खोडाच्या बाजूस सुमारे ३० सेंमी अंतर ठेवून ती फांदीच करवतीने कापावी. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. ती करण्यासाठी मोरचूद १ किलो व चुना १ किलो वेगवेगळे भिजवून एकूण १० लिटर पाण्यात एकत्र करावेत. फांदी मुख्य असून ती तोडणे शक्य नसल्यास गाठ पटाशीने कोरून काढावी व पुढील दोन-तीन वर्षे नवे अंकुर दिसताच खुडीत जावे. एकट्याने हे काम केल्यास फळ थोडे मिळते, कारण पक्षी बांध ओळखत नाही. शिवारातील शेजाऱ्यांनी एकाच हंगामात मिळून केले तर परिणाम टिकतो.

अमरवेल ओळखण्यास सोपी आहे. पाने नसलेल्या तिच्या पिवळ्या दोऱ्या बोर, बाभूळ व कुंपणाच्या झुडपांवर जाळ्यासारख्या पसरतात. तीही परजीवी आहे. वड, पिंपळ यांची रोपे पक्ष्यांच्या विष्ठेतून झाडाच्या बेचक्यात उगवतात, त्यांचा प्रकार निराळा. ती प्रथम परक्या झाडावर केवळ बसतात, मग मुळे जमिनीपर्यंत सोडून त्या झाडास आवळतात. ती लहान असतानाच उपटावीत.

वांद्याच्या बाबतीत यांपैकी काहीही करावयाचे नसते. त्याचा झाडास भार तेवढा होतो आणि तोही नगण्य. झाड साफ करण्यासाठी मजूर लावताना कोणता झुबका काढावयाचा व कोणता ठेवावयाचा हे मालकाने खुणेने दाखवून द्यावे. दोहोंना नाव एकच असेल तर मजुराचा काय दोष?

‘हवेवर जगणे’ म्हणजे काय

वांदा, सह्याद्रीतील सीतेची वेणी व इतर आमऱ्या, तसेच परदेशी टिलँडसिया या सर्वांना शास्त्रात अपिवनस्पती म्हणतात. त्या झाडाचा रस घेत नाहीत व जमिनीशीही त्यांचा संबंध नसतो. यावरून त्या हवेवर जगतात अशी समजूत झाली. ती अर्धीच खरी आहे. कार्बन डायऑक्साइड तर सर्वच हिरव्या वनस्पती हवेतून घेतात. प्रश्न पाण्याचा असतो. अपिवनस्पती पावसाचे, दवाचे व धुक्याचे पाणी घेतात, आणि सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातील धूळ व कुजलेला पाचोळा यांतून त्यांना अल्प प्रमाणात क्षार मिळतात.

टिलँडसिया या नावाची कथा या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. सतराव्या शतकात टिलँड्स नावाचे एक वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. बोटीच्या प्रवासात त्यांना इतका त्रास झाला की परतीच्या वेळी समुद्र टाळून ते खुष्कीच्या लांब मार्गाने आले, असे लिनिअस यांनी नमूद केले आहे. ही वनस्पतीही पाण्याचा तिटकारा करते असे वाटून लिनिअस यांनी तिला त्यांचे नाव दिले. प्रत्यक्षात टिलँडसिया पाण्याचा तिटकारा करीत नाही. मुळांऐवजी ती ते पानांतून पिते, इतकेच. अननसाच्या कुळातील ही प्रजाती मूळची अमेरिका खंडातील असून तिच्या सहाशेहून अधिक जाती आहेत. पानांवर सूक्ष्म खवल्यांसारखे केस असतात. ओले होताच हे केस पानावर पसरून पाणी आत घेतात व वाळताच उभे राहून ऊन परावर्तित करतात. पाने चंदेरी दिसतात ती यामुळे. आमरीमध्ये हेच काम मुळांवरील स्पंजासारखे मृत पेशींचे आवरण करते. कोरडे असताना त्यात हवा असल्याने मूळ पांढरे दिसते. पाणी भरताच ते पारदर्शक होते व आतील हिरवा रंग दिसू लागतो.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. टिलँडसिया व वांदा या वनस्पती दिवसा पर्णरंध्रे मिटून ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून घेतात. अननस व निवडुंगही असेच करतात. दिवसाच्या उन्हात पाणी उडून जाऊ नये अशी ही योजना आहे. टिलँडसियाची पाने रात्रभर ओली राहिली तर पाण्याच्या पापुद्र्याने हवेची वाट बंद होते व वनस्पती गुदमरते. कोवळ्या गाभ्यात पाणी साचले तर सड लागते ती वेगळीच. म्हणून टिलँडसियास पाणी सकाळी द्यावे हा नियम आहे.

लोहाऱ्याच्या हवामानात काय जमेल

बालाघाटच्या पठारावरील या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते व दुपारची हवा अतिशय कोरडी असते. दक्षिण अमेरिकेतील आटाकामाच्या वाळवंटात टिलँडसियाची एक जाती वाळूवर मुळांविना जगते हे खरे. पण तेथे समुद्रावरून धुके येते. लोहाऱ्यात उन्हाळ्यात धुके नाही. तेथे वाळवंटात जगते म्हणून येथे माळावर जगेल, हा हिशेब चुकीचा ठरतो.

ज्यांना टिलँडसियाचा संग्रह करावयाचा असेल त्यांनी जातीची निवड विचारपूर्वक करावी. मेक्सिको व ग्वाटेमाला येथील शुष्क प्रदेशात वाढणारी झेरोग्राफिका ही मोठी, रुंद वळणदार पानांची जाती कोरडी हवा इतरांपेक्षा बरी सोसते. आयोनान्था ही जाती मुठीत मावेल एवढी असते व फुलण्याच्या वेळी तिची आतील पाने लाल होतात. प्रत्येक रोप एकदाच फुलते, मग बाजूस पिले देऊन हळूहळू संपते. रोप मेले म्हणून ते फेकण्यापूर्वी बुडाशी पिले आहेत का ते पाहावे. ‘स्पॅनिश मॉस’ या नावाने विकली जाणारी उस्नेऑयडिस जाती अमरवेलीसारखी लोंबते. ती पाहून कोणी घाबरू नये, कारण ती झाडाचा रस घेत नाही. परंतु तिच्या बारीक धाग्यांत पाण्याचा साठा फारच थोडा राहतो. मे महिन्यात ती सांभाळणे सर्वांत कठीण जाते. नवशिक्याने येथूनच सुरुवात केली तर पैसे वाया जाण्याचाच संभव अधिक. प्रथम दोन जातींची दोन-दोन रोपे घ्यावीत, एक उन्हाळा काढावा व मगच संग्रह वाढवावा.

रोपे मातीत लावू नयेत. वाळलेल्या लाकडाच्या ओंडक्यावर सुतळीने सैल बांधावीत, अथवा तारेच्या टोपलीत टांगावीत. तार तांब्याची नसावी, कारण तांबे या वनस्पतींस विषासमान आहे. याच कारणाने आंब्यावर वा द्राक्षावर बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारावयाचे असल्यास टांगलेली रोपे आधी दूर न्यावीत. ५० टक्के सावलीच्या शेडनेटखाली, पूर्वेचे कोवळे ऊन मिळेल पण पश्चिमेचे टळेल अशी जागा उत्तम. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा व कडक उन्हाळ्यात एक दिवसाआड सकाळी २० ते ३० मिनिटे रोप पाण्यात बुडवून ठेवावे, उलटे धरून झटकावे व वाऱ्यावर चार तासांत वाळू द्यावे.

पाणी कोणते हा प्रश्न बहुतेकांच्या मनातच येत नाही. विंधन विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास ते उडून गेल्यावर पानांवर पांढरा थर राहतो. त्याने केसांची तोंडे बुजतात व रोप पाण्यात बुडवूनही तहानलेले राहते. भांडी तापविल्यावर तळाशी पुटे धरणारे पाणी या कामास वापरू नये. पत्र्यावरचे पावसाचे पाणी, पहिल्या एक-दोन सरी सोडून, झाकणाच्या टाकीत साठवून ठेवावे. वीस-पंचवीस रोपांच्या संग्रहास दोनशे लिटरचे पिंप पुष्कळ दिवस पुरते, कारण बुडविलेले पाणी गाळून पुन्हा दोन-तीन वेळा वापरता येते.

वांदा मात्र या हवेचाच आहे. त्याची लावणी मृगाच्या पावसानंतर करावी, म्हणजे त्याच हंगामात नवी मुळे साल धरतात. झाड खरबरीत सालीचे निवडावे. पेरू व निलगिरी साल टाकतात, म्हणून ती नकोत. आंब्याच्या फांदीच्या बेचक्यात, जमिनीपासून दोन-तीन मीटर उंचीवर, पूर्वेकडील बाजूस रोप काथ्याने किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्टीने घट्ट बांधावे. रोप हलत राहिले तर मुळांची कोवळी टोके घासून मरतात. मुळांवर माती, शेण अथवा ओले गोणपाट गुंडाळू नये. मुळांस हवा लागलीच पाहिजे. पहिल्या उन्हाळ्यात रोज सकाळी मुळे हिरवी होईपर्यंत फवारा द्यावा. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात फवारल्यास वाढ चांगली होते, परंतु मुळे आधी साध्या पाण्याने भिजवून घ्यावीत. गोगलगायींकडे लक्ष ठेवावे. २०२२ च्या खरिपात सोयाबीनवर त्यांनी जिल्ह्यात काय केले हे शेतकऱ्यांस सांगावयास नको. आमरीच्या मुळांची कोवळी टोके त्यांना तितकीच आवडतात. त्या रात्री कंदील वा विजेरी घेऊन वेचून काढाव्यात.

रोपे कोठून आणावीत

या प्रश्नावर सर्व संग्रहाचे भले-बुरे अवलंबून आहे. आमरीच्या एका बोंडात धुळीसारखी हजारो बीजे असतात, पण त्यांत अन्नसाठा मुळीच नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ती रुजतात. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नुडसन यांनी साखर व क्षारयुक्त माध्यमावर बुरशीविना आमरीचे बी रुजवून दाखविले, तेव्हापासून प्रयोगशाळेत रोपे करणे शक्य झाले. रानात मात्र बी पडल्यापासून फूल येईपर्यंत अनेक वर्षे लागतात. पाच मिनिटांत खरवडलेला वांदा परत येण्यास एवढा काळ लागतो, आणि ज्या झाडावरून तो आला ते झाडही तोवर उभे राहावे लागते. रास्ना म्हणून औषधासाठी याची मुळे गोळा केली जातात. आयुर्वेदीय औषधिकोशात मात्र रास्ना म्हणून निराळीच वनस्पती, प्लुचिया लान्सिओलाटा, मान्य केलेली आहे. त्यामुळे झाडावरचा वांदा ओरबाडून विकण्यास हे समर्थनही पुरेसे नाही.

बहुतेक सर्व आमऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून टिलँडसिया झेरोग्राफिकाही त्यात आहे. राखीव वनातून, मग ते येडशी रामलिंगघाटचे अभयारण्य असो वा सह्याद्रीतील, परवानगीविना वनस्पती आणणे हा गुन्हा होय. घाटातून सहलीवरून परतताना आणलेली सीतेची वेणी लोहाऱ्याच्या उन्हाळ्यात बहुधा टिकत नाही, तेव्हा गुन्ह्याबरोबर तो अपव्ययही ठरतो. परदेशी असलेल्या आप्तांनी सामानातून टिलँडसिया आणून देण्याची प्रथाही सोडावी. वनस्पतींच्या आयातीस २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो. एका रोपाबरोबर येणारी खवले कीड बागेस केवढ्यास पडेल याचा अंदाज करता येत नाही.

उरतात तीन मार्ग. पहिला, देशातील रोपवाटिकेत वाढविलेली रोपे पावतीसह घेणे. दुसरा, वादळाने पडलेल्या अथवा रस्तारुंदीसाठी तोडलेल्या झाडावरील वांदा, मालकाच्या व ज्या खात्याचे झाड असेल त्या खात्याच्या परवानगीने, उचलून दुसऱ्या झाडावर बांधणे. असे रोप उचलताना फांदीचा तुकडाच सालीसकट कापून घ्यावा, म्हणजे मुळे तुटत नाहीत. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आहे. आपल्याच बांधावरील जुन्या वांद्यास बुडाशी फूट येते. त्या पिलास स्वतःची निदान तीन मुळे आल्यावर ते धारदार, स्वच्छ चाकूने वेगळे करावे व कापलेल्या जागी हळद लावून सावलीत दोन दिवस कोरडे ठेवून मग बांधावे.

संग्रह करणाराने प्रत्येक रोपास क्रमांकाचा टिकला लावून वहीत त्याचे नाव, कोठून मिळाले, केव्हा बांधले व केव्हा फुलले याची नोंद ठेवावी. जिल्ह्यातील वनस्पतींची ओळख पटविण्यासाठी डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ हा १९७९ चा ग्रंथ आजही उपयोगी पडतो. नाव जुने आहे, कारण धाराशिव हे नाव जिल्ह्यास २०२३ मध्ये मिळाले. जुन्या झाडावर वांदा आढळल्यास त्याचे फुलासह छायाचित्र व गट क्रमांक तालुका कृषी कार्यालयात कळवावा. फूल नसेल तर पानाच्या टोकाचे छायाचित्र जवळून घ्यावे, म्हणजे जात ठरविणे सोपे जाते.